आधी मिरजेचा तंबोरा, मग स्पीकर : ध्वनिमुद्रित संगीत बारकाईने ऐकण्याची तयारी

ध्वनिमुद्रित संगीत नीट ऐकायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न येतो तो स्पीकर कुठला घ्यायचा याचा. त्याआधी एक काम उरकायला हवं. स्पीकरमधून येणारा आवाज खरा की खोटा हे ठरवायचं, तर खरा आवाज कानात मुरलेला असला पाहिजे. सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुढची सगळी पद्धत त्या तंबोऱ्यावर उभी आहे. खोली लावताना, यंत्रं पारखताना, जॅझ किंवा पियानो ऐकताना मोजपट्टी तीच राहील.

मिरजेत अर्धा दिवस

कामाच्या दिवशी, दुपारच्या आधी जा. विकत घ्यायचा नसेल तर तसं दुकानात शिरतानाच सांगा. कारागिराचा वेळ जातो, याची जाण ठेवा. पुरुषी गळ्याचा, काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला तंबोरा ऐकायला मागा. त्याच्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला असतात आणि खरज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास.

आधी सहा फुटांवर समोर बसून पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. तार छेडल्याचा क्षण जवळजवळ कळतच नाही, आवाज नंतर उमलतो आणि उमलताना त्याचा रंग बदलत जातो. मग कारागिराला विनंती करा, की घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवलेला दोरा काढून दाखवा. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बसते आणि तीच तार एकदम मुकी, लाकडी वाटते. दोरा परत जागेवर आला की झंकार उसळतो. हा फरक पाच-सहा वेळा करून ऐका. वाईट ट्वीटर (स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग), जाड पडदे किंवा फार दाबलेली फाइल तंबोऱ्याचं नेमकं हेच करते : दोरा काढून घेते.

त्यानंतर नुसती खरजाची तार ऐका. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो कुणी वाजवलेला नसतो, खरजाच्या पाचपटीला, सुमारे ३४६.५ हर्ट्झला तो आपोआप उमटतो; म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या भेटीत तो सापडला नाही तर पुन्हा जा. तो कानाला लागल्याशिवाय पुढच्या पैशांच्या गोष्टीत शिरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेवटी दुकानाच्या बाहेर उभं राहून तोच तंबोरा ऐका. भिंतीआडूनसुद्धा तो तंबोराच वाटतो, हे लक्षात ठेवा. चांगली यंत्रणाही शेजारच्या खोलीतून ऐकली तर माणूस गातोय असं वाटायला लावते. ही चाचणी फुकट आहे आणि सहसा चुकत नाही.

ऐकायची सवय मैफलीतही लावा. मिरजेच्या दर्ग्यातली उरुसातली गाणी असोत किंवा औंधचा संगीत महोत्सव, जमेल तेव्हा भोंग्यांपासून दूर आणि कलाकाराच्या जवळ बसा. लाउडस्पीकरमधून आलेलं गाणं हा आपल्या कामाचा नमुना नव्हे.

खोली

आपल्याकडच्या स्लॅबच्या घरात गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती आणि दहा फूट उंची असते. अशा खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा शेपटीचा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. त्यातल्या एकीवर पुस्तकांचं कपाट उभं करा किंवा जाड गोधडी टांगा, आणि जमिनीवर स्पीकर व बसायची जागा यांच्यामध्ये सतरंजीवर घोंगडी अंथरा. टाळी परत वाजवा. शेपूट गेली की थांबा.

इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. चारही भिंतींना पडदे आणि गोधड्या लावल्या जातात. कापडाचा पातळ थर फक्त वरचे स्वर गिळतो. खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा पट्टा, तसाच घुमत राहतो. मग तंबोऱ्याची जवारी मरते आणि डग्गा मात्र गुरगुरतो. मागच्या कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या तर मधल्या खालच्या पट्टीत थोडा फरक पडतो. अगदी खालच्या घुमण्यावर मात्र एकच खरा इलाज आहे, जागा बदलणं.

ते का, हे एका साध्या भागाकाराने कळेल. ५६० ला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागा. येणाऱ्या हर्ट्झला ती खोली घुमते. बारा फुटांना ४७, दहा फुटांना ५६. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असलेली खोली ऐकण्यासाठी सगळ्यांत वाईट, कारण तिन्ही दिशांचं घुमणं ५६ वर एकत्र येतं. १५ × ११ ची खोली मिळत असेल तर तीच घ्या, भले ती दिवाणखान्यापेक्षा साधी असो.

मांडणी अशी करा. खोलीच्या लांबीच्या टोकाशी दोन्ही स्पीकर, त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासूनही निदान दोन फूट. दोघांत सहा फूट अंतर आणि दोघांपासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं. तुमची पाठ भिंतीला टेकता कामा नये. भिंतीलगत खर्ज फुगतो. लांबी १५ फूट असेल तर तुमच्या पाठीमागच्या भिंतीपासून साडेपाच-पावणेसहा फुटांवर बसून सुरुवात करा आणि मग अर्धा-अर्धा फूट पुढेमागे सरकून पाहा. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. खुर्चीवर ही उंची साडेतीन फुटांपर्यंत जाते, पण गादीवर मांडी घालून ऐकत असाल तर अडीच फुटांच्या आसपास. बाजारातले स्टँड खुर्चीच्या हिशोबाने असतात. बैठकीसाठी सुताराकडून बुटके, जड स्टँड करून घ्या.

आता एकाला हातात आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून हळूहळू सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाजाचं पहिलं प्रतिबिंब येतं. गोधडी टांगायची ती नेमकी तिथे.

पंखा बंद. उन्हाळ्यात हे जड जातं, म्हणून पहाटे पाच ते सात किंवा रात्री दहानंतरची वेळ धरा. रस्ताही तेव्हा शांत असतो.

यंत्रं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. पैशांतला मोठा वाटा स्पीकरवर किंवा तार असलेल्या चांगल्या हेडफोनवर घाला, उरलेला अॅम्प्लिफायरवर. महागड्या वायरींवर काही घालू नका. साधी जाड तांब्याची वायर, दोन्ही टोकांना अधिक-उणे न चुकता जोडलेली, पुरते. एका स्पीकरची वायर उलटी जोडली गेली तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक मध्यभागी न राहता खोलीभर पसरतो. नव्या मांडणीत आवाज पोकळ वाटला तर आधी हेच तपासा.

‘घूं’ असा सतत आवाज येत असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन काढून टाकणं हा उपाय नाही, तो धोका आहे.

दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी समान केल्याशिवाय निकाल देऊ नका. एका डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतं आणि दुकानदारालाही हे ठाऊक असतं. तंबोऱ्याची एकच ध्वनिमुद्रित फाइल दोन्हींवर लावा, बसायच्या जागी फोनवरचं डेसिबल मोजणारं अॅप ठेवा आणि अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. तंबोरा एकसारखा वाजत राहतो, म्हणून या कामाला तो फार सोयीचा. ६९ हर्ट्झचा खरज लहान ब्लूटूथ डब्यातून मूळ रूपात येतच नाही. वरच्या स्वरांवरून कान तो मनात भरून काढतो. म्हणून डब्यावर तंबोरा ‘ऐकू येतो’, पण बूड नसलेला.

कानांची काळजीही इथेच सांगून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ठरवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि सरासरी ८० डेसिबल अशी आहे. बारकाईने ऐकायला ७० ते ७५ पुरतात.

फाइल, तबकडी आणि आवृत्ती

३२० केबीपीएसची फाइल तासाला सुमारे १४४ एमबी घेते आणि बहुतेक गाण्यांना पुरते. फ्लॅक या काही न गाळणाऱ्या फाइलप्रकारात सीडीच्या दर्जाचं संगीत तासाला साधारण तीन-चारशे एमबी घेतं; त्यात सीडीवरचं काहीही गळत नाही. त्याहून मोठ्या आकड्यांच्या मागे लागण्याआधी एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या ऐका. फाइलच्या प्रकाराहून कितीतरी मोठा फरक आवृत्तीत असतो. नंतर काढलेल्या पुष्कळ आवृत्त्या मोठ्या वाजाव्यात म्हणून दाबलेल्या असतात : तान आणि कुजबुज एकाच उंचीवर येतात. खरखर पुसलेल्या जुन्या गाण्यांतही गफलत होते. खरखरीबरोबर ‘स’, ‘श’ आणि तंबोऱ्याचा झंकारही पुसला जातो, आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं. दोन आवृत्त्यांपैकी खरखर असलेली पण श्वास ऐकू येणारी निवडा.

जुन्या तबकड्या घेणार असाल तर एवढं पक्कं लक्षात असू द्या. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी लाखेची असते. तिला स्पिरिट लावलं तर लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. नुसतं शुद्ध पाणी, मऊ फडकं, आणि कागदी लेबल कोरडं ठेवायचं. तिची खाच रुंद असते. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते, कचराच वाचते आणि स्वतःही झिजते. ७८साठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला १८च्या आसपास. एलपीवर सुईचा भार साधारण दीड ते अडीच ग्रॅम ठेवा. भार कमी केला म्हणजे तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात तबकड्यांना आणि कॅसेटना बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत कधीच नको. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला. सांगलीत नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी संग्रह खालच्या कप्प्यात ठेवू नये. २०१९च्या ऑगस्टमधलं पाणी कुणी विसरलेलं नाही. तबकडी गाळात बुडाली असेल तर गाळ वाळू देऊ नका. ओली असतानाच स्वच्छ पाण्याखाली धरा, सावलीत उभी वाळवा आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय सुई लावू नका.

ऐकण्याचा क्रम

एक वही करा. प्रत्येक वेळी फक्त चार गोष्टी लिहा : ध्वनिमुद्रणाचं वर्ष, आवृत्ती, कोणतं वाद्य कुठे उभं आहे, आणि दुसऱ्यांदा ऐकताना नव्याने काय सापडलं. दिवसाला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. कान थकला की सगळंच छान किंवा सगळंच वाईट वाटतं.

सुरुवात तीन मिनिटांच्या तबकड्यांपासून करा. दहा इंची ७८च्या एका बाजूत तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. १९२५च्या आधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन रुळलेला नव्हता. गायक एका कर्ण्यात तोंड घालून गायचा, आणि त्या कर्ण्यातून साधारण २५० ते २५०० हर्ट्झच्या पट्ट्याबाहेरचं फारसं उतरत नसे. म्हणजे खरज नाही, झंकार नाही, तबला पुसट. अशी तबकडी मोठ्या स्पीकरवर ‘वाईट’ ऐकू येते म्हणून सोडून देऊ नका. दोन्हींऐवजी एकच स्पीकर लावा, आवाज कमी ठेवा, आणि फक्त गळ्याकडे लक्ष द्या. नागठाण्यात १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या आणि मायक्रोफोन आल्यानंतरच्या ध्वनिमुद्रिका पाठोपाठ ऐका. गायकाने बदललेलं काय आणि यंत्राने बदललेलं काय, हे वेगळं काढणं हा पहिला खरा धडा.

दुसरा धडा वेगाचा. ‘७८’ हा आकडा पुढे स्थिरावला. आधीच्या तबकड्या कमी-अधिक वेगाने कापल्या जात. आज फाइल करणाऱ्याने वेग चुकवून सहा टक्के वाढवला, तर सूर अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकची पांढरी दोन होते. मिरजेत राहिलेल्या आणि १९३७ साली गेल्यानंतर मिरजेतच दफन झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि बारीक, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही चूक चटकन लक्षात येत नाही. सुराऐवजी अक्षरांवर कान ठेवा. ‘आ’कार चिमटीत धरल्यासारखा अरुंद वाटला, मुरक्या यांत्रिक वाटल्या, तर फाइल धावते आहे. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये वेग दोन, चार, सहा टक्क्यांनी कमी करून पाहा; एका ठिकाणी गळा एकदम माणसाचा होतो. तो आकडा वहीत लिहा.

मग एलपीवरचा ख्याल. १९४८ साली एलपी आली आणि बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या दोन्ही जमान्यांत गायलेल्या कलाकारांचा एकच राग छोट्या आणि मोठ्या मुद्रणात शोधा. कुठे विस्तार झाला, कुठे फक्त वेळ भरला, ते घड्याळ लावून लिहा.

ढोलकी, हलगी, संबळ यांनी यंत्रणेचा खरा कस लागतो. आटपाडी-जतकडचा गजीढोल किंवा शेकून ताणलेली हलगी समोर वाजते तेव्हा टोला छातीत बसतो आणि लगेच विरतो. लोकसंगीताच्या बहुतेक मुद्रणांत तो टोला दाबलेला असतो. यंत्रणेने तो आणखी लांबवला तर ‘ढुम्‌’चा ‘ढूंऽऽ’ होतो. तसं झालं तर दोष स्पीकरला देण्याआधी त्याला भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा.

चित्रपटगीतं आणि भावगीतं ऐकताना जुनी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारी, आवृत्तीच घ्या. नंतर ओढूनताणून ‘स्टिरिओ’ केलेल्या आवृत्तीत गळा पातळ होतो. १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांचं कोणतंही संथ गाणं हेडफोनवर घ्या आणि एकदा फक्त श्वास ऐका. मायक्रोफोनपासून ओठ किती दूर आहेत, कुठे तोंड किंचित वळवलंय, हे कळू लागतं. मायक्रोफोन हेही एक वाद्य आहे आणि ते वाजवावं लागतं.

कर्नाटकी संगीत आपल्या शेजारचं. तंबोरा तिथेही असतो, त्यामुळे कान परका होत नाही. आधी फक्त मृदंगम धरा, मग व्हायोलिन गायकाच्या किती मागून चालतंय ते मोजा.

जॅझला सुरुवात कुठून करायची? रागाची सवय असलेल्या कानाला मोडल जॅझ लवकर जवळचं वाटतं, कारण तिथे एका सुरावटीत बराच वेळ रेंगाळतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून सुरू करणं रास्त. आणि वेगाचा धडा इथेही उपयोगी पडतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित करताना टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे त्या वाजवताना चढ्या सुरात आल्या. ही चूक १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. दोन्ही आवृत्त्या मिळवा, तंबोऱ्याच्या अॅपवर सा जुळवून पाहा. तंबोरा इथे नाही. त्याची जागा डबल बास घेतो, पण तो थांबून न राहता चालतो. त्याची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे बारा फुटी खोलीच्या घुमण्याच्या जवळची. एखादाच स्वर फुगून येत असेल तर तो वादकाचा नव्हे, तुमच्या खोलीचा.

पियानो पहिल्यांदा ऐकताना गंधार किंचित चढा वाटेल. कानाची चूक नाही. पियानो आणि नेहमीची पेटी समान अंतरांच्या स्वरांत लावलेली असते. काळी एकला सा धरला तर गंधार पांढरी चारवर येतो आणि तो ३४९.२ हर्ट्झला असतो. खरजाने दिलेला स्वयंभू गंधार ३४६.५ ला. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला जवळपास तीन हेलकावे ऐकू येतात. पेटी आणि तंबोरा घेऊन हे घरी करून पाहा. हा फरक एकदा कळला की पियानो बेसूर वाटत नाही, त्याचा स्वतःचा सूर म्हणून ऐकू येतो. पेटीच्या साथीत गायक गंधारावर किंचित खाली का विसावतो, तेही उमजतं.

पाश्चात्त्य चौकडी, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो, सर्वांत शेवटी ठेवा. सहा-सात मिनिटांचा एकच संथ भाग निवडा आणि चार दिवस तोच ऐका. पहिल्या दिवशी फक्त चेलो धरा. तो सगळ्यांत खाली असल्याने सापडायला सोपा. दुसऱ्या दिवशी पहिलं व्हायोलिन. तिसऱ्या दिवशी मधली दोन वाद्यं, जी बहुतेकांच्या कानांतून निसटतात. त्यासाठी हेडफोन लावा आणि आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. चौथ्या दिवशी स्पीकरसमोर बसा आणि कुठलंच वाद्य धरू नका.